कोकिला फॉन्ट दुसऱ्या संगणकावर टाकता येईल का?

प्रश्न: राजारामपुरीतील आमच्या छापखान्यात लग्नपत्रिकांसाठी विंडोजसोबतचा कोकिला फॉन्ट वापरतो. तो लिनक्सच्या संगणकावर टाकणे परवान्यात बसते का?

उत्तर १: छपाईला हरकत नाही, अगदी व्यावसायिकही, मात्र त्या फॉन्टची फाइल दुसऱ्या संगणकावर नेण्याची मुभा विंडोजचा परवाना देत नाही. त्यामुळे विंडोजवरच फॉन्ट अंतर्भूत केलेली पीडीएफ तयार करून ती लिनक्सवरून छापावी.

उत्तर २: नव्या कामाला ‘तिरो देवनागरी मराठी’ घ्यावा, असे मी सुचवेन. तो ओपन फॉन्ट लायसन्सखाली असल्याने कितीही संगणकांवर विनामूल्य टाकता येतो, फक्त नुसता फॉन्ट विकता येत नाही. शिवाय त्यात ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत, जे पत्रिकेत पाहणाऱ्यांच्या लगेच लक्षात येते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. नव्या विंडोज १० च्या संगणकावर कोकिला दिसतच नाही, ते का?

उत्तर १: तेथे तो ‘देवनागरी पूरक फॉन्ट’ या पर्यायी सुविधेत असतो, सेटिंग्जमधून ती जोडावी.