'एक्स्टेन्सिन'ला मराठीत 'ताणक' म्हणावे का?

रानजाई
अकरावी-बारावीच्या मुलांसाठी वनस्पतींच्या पेशीभित्तिकेतल्या प्रथिनांवर लेख लिहिते आहे. 'सेल वॉल प्रोटीन्स'ला 'भित्तिकाप्रथिने' लिहिले तर कळेल का? 'एक्स्टेन्सिन' आणि 'एक्स्पान्सिन' या त्यातल्या दोन प्रथिनांना कुणीतरी 'ताणक' व 'प्रसरक' असे शब्द सुचवले आहेत, ते घ्यावेत का? आणि 'प्रोटिओम'ला काय म्हणावे?

हरितद्रव्य
'भित्तिकाप्रथिने' छान आहे. पहिल्यांदा 'पेशीभित्तिकेतील प्रथिने' असे पूर्ण लिहा, म्हणजे पुढचा जोडशब्द अडणार नाही. फक्त 'पेशीपटल' आणि 'पेशीभित्तिका' यांची गल्लत होऊ देऊ नका. पटल आतले, मेद आणि प्रथिनांचे. भित्तिका त्याच्या बाहेर, सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि पेक्टिनची. भित्तिकेत प्रथिने थोडीच असतात, पण वाढ, जखम, रोग अशा प्रत्येक प्रसंगी तीच कामाला लागतात.

'ताणक' मात्र कृपा करून घेऊ नका. १९६० साली केंब्रिजमध्ये लॅम्पोर्ट आणि नॉर्थकोट यांना भित्तिकेत हायड्रॉक्सिप्रोलीन सापडले. हे अमिनो आम्ल तोवर मुख्यतः प्राण्यांच्या कोलॅजेनमधले म्हणून माहीत होते. ज्या प्रथिनात ते सापडले त्याचा पेशीच्या लांबण्याशी संबंध असावा, या अंदाजाने लॅम्पोर्टनी पुढे त्याला 'एक्स्टेन्सिन' हे नाव दिले. नंतर कळले ते असे: एक्स्टेन्सिनचे रेणू टायरोसीन या अमिनो आम्लाच्या दुव्यांनी एकमेकांना जखडले जातात आणि भित्तिका ताठ होते. झाडाला जखम झाली किंवा बुरशी लागली की अनेकदा त्याचे प्रमाण वाढते. 'ताणक' वाचून मूल नेमके उलटे समजेल. मूळ नावच फसवे असेल तर त्याचे भाषांतर कशाला? नाव जसेच्या तसे ठेवा आणि काम मराठीत सांगा.

रानजाई
मग 'प्रसरक'? एक्स्पान्सिन तर खरेच वाढीला मदत करते ना?

हरितद्रव्य
करते, पण 'प्रसरण' म्हटले की मुलांना तापलेला धातू आठवतो. त्यापेक्षा प्रयोगच सांगा, फार देखणा आहे. काकडीच्या कोवळ्या रोपाच्या खोडाचा तुकडा गोठवून पुन्हा वितळवायचा, म्हणजे पेशी मरतात आणि भित्तिका तेवढी राहते. तो चिमट्यात धरून ताण द्यायचा आणि सामू ४.५ च्या आसपासचे आम्लधर्मी द्रावण घालायचे. मेलेला तुकडा हळूहळू लांबत जातो! तोच आधी उकळत्या पाण्यात बुडवून काढला तर लांबत नाही. मग कोवळ्या खोडाच्या भित्तिकांमधून काढलेले प्रथिन त्यावर घातले, की पुन्हा लांबू लागतो. १९९२ साली पेनसिल्व्हेनियात कॉसग्रोव्ह यांच्या गटाने ही प्रथिने अशीच ओळखली. 'भित्तिका सैल करणारे प्रथिन' हे चार शब्द पुरेसे आहेत.

सूक्ष्मदर्शी
प्रयोगशाळेकडून थोडी भर. 'प्रोटिओम'ला, म्हणजे पेशीतल्या सगळ्या प्रथिनांना मिळून, 'प्रथिनसंच' म्हणा, 'जिनोम'साठी 'जनुकसंच' रुळला आहेच. पण पेशीपेशीत जनुकसंच बहुधा तोच असतो, प्रथिनसंच मात्र मुळांमध्ये वेगळा, पानात वेगळा, आणि जखमेनंतर आणखी वेगळा. एवढे वाक्य जरूर टाका.

ही प्रथिने मिळवायची कशी, तेही मुलांना आवडेल. पान द्रावणात बुडवून निर्वात पंपाने हवा काढतात. हवा परत सोडली की द्रावण पेशींमधल्या पोकळ्यांत शिरते आणि पान गडद, ओलसर, काचेसारखे दिसू लागते. मग ते सेंट्रिफ्यूजमध्ये हलकेच फिरवून द्रव गोळा करतात. सैल असलेली प्रथिने त्यात येतात. काही कॅल्शियम क्लोराइडसारख्या क्षाराच्या द्रावणाने सुटतात. जखडलेले एक्स्टेन्सिन तेवढ्यानेही निघत नाही. इथे 'क्षार' म्हणजे सॉल्ट, अल्कली नव्हे, हे स्पष्ट करा. बोलताना आपण दोन्हींना क्षारच म्हणतो. आणि त्या द्रवात रुबिस्को (प्रकाशसंश्लेषणात कार्बन डायऑक्साइड पकडणारे प्रथिन) भरपूर दिसले तर पेशी फुटल्या असे समजावे, कारण त्याची जागा हरितलवकात.

रानजाई
दोघांचेही मनापासून आभार. हे वाक्य चालेल? 'एक्स्पान्सिन हे विकर (एन्झाइम) आम्लधर्मी भित्तिकेतले सेल्युलोजचे धागे तोडते.'

हरितद्रव्य
'विकर' आणि 'तोडते' दोन्ही काढा. एक्स्पान्सिन धागे कापत नाही, सेल्युलोज आणि शेजारच्या बहुशर्करांची पकड ढिली करते. असे लिहा: 'भित्तिका आम्लधर्मी झाली की एक्स्पान्सिन तिच्यातल्या धाग्यांची पकड सैल करते आणि आतल्या पाण्याच्या दाबाने पेशी लांबते.'