मदत हवी आहे : गच्चीवरून काढलेले विमानांचे फोटो शार्प का येत नाहीत?

गच्चीवरची

नमस्कार मंडळी,

इथे पहिल्यांदाच लिहिते आहे, म्हणून आधी ओळख. मी घाटकोपर पश्चिमेला राहते, घरी शाळेच्या मुलांच्या शिकवण्या घेते. लग्न होऊन या इमारतीत आले तेव्हापासून मुंबई विमानतळावर उतरणारी विमानं आमच्या गच्चीच्या दक्षिणेकडून, चाकं मोजता येतील इतकी खालून जाताना बघते आहे. आवाजावरून कुठलं विमान ते ओळखायची सवय कधी लागली, कळलंच नाही.

एअर इंडियाचं शेवटचं जंबो (बोइंग ७४७) २२ एप्रिल २०२४ ला मुंबईहून पंख हलवून निरोप घेऊन गेलं. इतकी वर्षं डोळ्यांसमोरून गेलेल्या त्या विमानाचा माझ्याकडे एकही फोटो नव्हता. मग त्याच वर्षी नोव्हेंबरात विस्तारा एअर इंडियात विलीन झाली आणि ती जांभळी-सोनेरी शेपटीही हळूहळू दिसेनाशी होणार हे कळलं. तेव्हा ठरवलं की जे डोक्यावरून जातं ते नीट टिपून ठेवायचं, तारखेसकट.

क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सरचा साधा डीएसएलआर कॅमेरा आणि ७०-३०० एमएमची झूम लेन्स आहे. शटर १/१०००, अॅपर्चर एफ ८, आयएसओ ऑटो. सकाळी शिकवण्या असतात, त्यामुळे दुपारी १ ते ४ मध्ये गच्चीवर जाते. फोटो लहान आकारात छान दिसतात, पण मोठा करून बघितला की खिडक्यांची रांग विरघळल्यासारखी दिसते आणि शेपटीवरचं रजिस्ट्रेशन (विमानाचा नोंदणी क्रमांक) वाचता येत नाही. विमानाचं पोटही काळपट येतं. विमानांच्या फोटोंच्या एका संकेतस्थळावर काही पाठवले, ते ‘सॉफ्ट’ म्हणून परत आले.

सेकंडहँड १५०-६०० लेन्स मिळते आहे. घरात बोलून पैसे बाजूला काढले आहेत, पण माझ्यासाठी ही रक्कम मोठी आहे. घेऊ का? आणि गच्चीवरून फोटो काढण्यात कायद्याची काही अडचण येते का, तेही सांगा. शेजारचे विचारायला लागले आहेत.

कलिनाकर

स्वागत, ताई. लेन्सचे पैसे सध्या बँकेतच राहू द्या.

दुपारी १ ते ४ वाचलं आणि बाकीचं वाचायच्या आधीच कारण दिसलं. तुमच्या आणि विमानाच्या मध्ये किती पत्रे आहेत? घाटकोपर ते कुर्ला या पट्ट्यात पत्र्याची आणि सिमेंटची छपरं भरदुपारी तव्यासारखी तापलेली असतात. त्यावरची गरम हवा वर चढते, तिची घनता जागोजागी वेगळी असते, आणि त्यातून येणारा प्रकाश सतत वाकत राहतो. यालाच स्पॉटर लोक, म्हणजे विमानं बघून टिपणारे छंदिष्ट, हीट हेझ म्हणतात. शटर १/४००० केलं तरी ते जात नाही, कारण इथे कॅमेराही हललेला नसतो आणि विमानही. हललेली असते ती हवा.

खात्री करून घ्या. कॅमेरा ट्रायपॉडवर किंवा कठड्यावर टेकवा आणि विमान जातं साधारण तितक्याच अंतरावरच्या एखाद्या इमारतीची पाण्याची टाकी किंवा गच्चीची जाळी ३०० एमएमला धरा. सकाळी ७ ला लागोपाठ दहा-बारा फ्रेम घ्या, दुपारी २ ला तशाच पुन्हा घ्या. सकाळच्या सगळ्या शार्प आणि दुपारच्या फ्रेममध्ये सरळ कडा दर वेळी वेगळ्या ठिकाणी वाकलेली दिसली, तर दोष हवेचा. सकाळीही सगळ्या सारख्याच मऊ आल्या, तर मग लेन्स किंवा फोकस तपासू. लेन्सवर स्वस्तातला यूव्ही फिल्टर असेल तर आधी तो काढा.

टेलीवाला

माझं मत वेगळं आहे. ७०-३०० लेन्स ३०० च्या टोकाला थोड्या मऊ असतातच. विमानांचा छंद गंभीरपणे करायचा असेल तर ६०० कधीतरी लागणारच. चांगल्या किमतीला मिळत असेल तर घेऊन ठेवा, नंतर पस्तावाल.

कलिनाकर

@टेलीवाला, एखादं विमान लांबून काढायचं असेल तर पटलं असतं. इथे थोडा हिशोब करू. मुख्य धावपट्टीच्या पूर्वेकडच्या, २७ क्रमांकाच्या टोकापासून घाटकोपर साधारण तीन किलोमीटर. तीन अंशांच्या उतारावर येणारं विमान तिथे १७० मीटरच्या आसपास उंचीवर असतं. ए-३२० ची लांबी साडेसदतीस मीटर. क्रॉप सेन्सरवर ३०० एमएमने ते ४८० मीटरवरच फ्रेम काठोकाठ भरतं. ७७७-३००ईआर जवळजवळ ७४ मीटर लांब आहे, ते तर ९४० मीटरवरूनच मावेनासं होतं. ताईंच्या गच्चीवरून ६०० लावली तर शेपटी तरी कापली जाईल नाहीतर नाक. आणि लांब लेन्स हवेतली थरथरही तितकीच मोठी करून दाखवते.

जुनाफिल्मवाला

दोघांचंही वाचलं. फिल्मच्या काळापासून मुंबईत विमानं टिपतो आहे, म्हणून पोट काळपट येतं त्याबद्दल सांगतो. या गोष्टीकडे नवीन मंडळींचं लक्षच जात नाही.

तुम्ही लिहिलंय की विमानं गच्चीच्या दक्षिणेकडून जातात. म्हणजे तुम्ही उतरण्याच्या रेषेच्या उत्तरेला आहात. मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे आणि वारा पश्चिमेचा असल्यामुळे बहुतेक वेळा विमानं पूर्वेकडून, तुमच्या अंगावरून येऊन २७ वर उतरतात. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेला असतो. डिसेंबरात तर भरदुपारीही तो जेमतेम ४७-४८ अंश वर येतो. म्हणजे विमानाची उजळलेली बाजू पलीकडे आणि तुमच्या वाट्याला सावलीतली. त्यात मागचं आकाश पांढुरकं, त्यामुळे कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर फसतो आणि विमान आणखी काळं करतो. एक्स्पोजर +२/३ ने वाढवलं, म्हणजे फोटो थोडा उजळ केला, तर थोडा फरक पडेल, पण जो प्रकाश त्या बाजूवर पडलेलाच नाही तो कॅमेरा कुठून आणणार?

तुमचा हंगाम उन्हाळ्याचा. २१ मार्चनंतर सूर्य पूर्वेच्या उत्तरेला उगवायला लागतो. एप्रिलच्या मध्यात सकाळचे पहिले दोन तास तो विमानाच्या उत्तरेच्या बाजूवर, म्हणजे तुमच्या बाजूवर पडतो. मुंबईत १५ मेच्या सुमारास शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे माध्यान्हीला सूर्य बरोबर डोक्यावर असतो. तिथून जुलैच्या शेवटापर्यंत माध्यान्हीचा सूर्यसुद्धा आपल्या उत्तरेला असतो. म्हणजे एप्रिल अखेरपासून पाऊस सुरू होईपर्यंत तुमच्या गच्चीला जो प्रकाश मिळतो, तो दक्षिणेकडच्या लोकांना मिळत नाही. ते डिसेंबरात खूश असतात, तुम्ही मे महिन्यात व्हा.

सकाळी शिकवण्या असतील तर संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा बघा. छपरं निवू लागलेली असतात, खाडीवरून नाही तरी समुद्रावरून वारा सुटलेला असतो, सूर्य पश्चिमेच्या उत्तरेला झुकलेला असतो आणि विमान त्याच्याकडे तोंड करून येत असतं. नाक, इंजिनं आणि उत्तरेची बाजू एकदम उजळते. मात्र पांढरी विमानं तेव्हा लवकर जळतात (अति उजेडाने तपशील पुसला जातो), म्हणून हा +२/३ तिथे काढून टाका आणि हिस्टोग्रामच्या (कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखाच्या) उजव्या कडेवर नजर ठेवा. फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये काढा.

पावसाळ्यात कॅमेरा कपाटात ठेवू नका. जोरदार सर येऊन गेली की हवा धुतली जाते, छपरं थंड होतात, आणि दमट हवेत उतरणाऱ्या विमानाच्या पंखांवर वाफेचे पांढरे पट्टे उमटतात. वर्षातले सगळ्यात जिवंत फोटो मला तेव्हाच मिळाले आहेत. फक्त एसी खोलीतून थेट गच्चीवर जाऊ नका, काच धुरकट होते. कॅमेरा बॅगेतच बंद ठेवून बाहेरच्या हवेशी जुळू द्या.

नियम_आधी

फोटोबद्दल जाणकार बोलले आहेत, मी दुसऱ्या प्रश्नाकडे येते. हा प्रश्न आधी विचारलात ते फार बरं झालं.

एअरक्राफ्ट रूल्स, १९३७ मधला नियम १३ विमानतळावर आणि उडत्या विमानातून फोटो काढण्यावर बंधन घालतो. सप्टेंबर २०२० मध्ये डीजीसीएने (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने) विमान कंपन्यांना त्याची पुन्हा आठवण करून दिली होती. आपल्या गच्चीवरून आकाशातलं विमान टिपणं हा प्रकार वेगळा आहे. पण मुंबईत विमानतळाच्या आसपास सुरक्षेचे आदेश वेळोवेळी निघत असतात आणि लांब लेन्स दिसली की कोणीतरी फोन करतोच. तेव्हा सोसायटीची लेखी परवानगी घ्या आणि स्थानिक पोलीस ठाण्यात पत्र देऊन पोच घ्या. पुढे कोणी विचारलं तर ती पोच पुढे करता येते.

लष्करी विमानतळांच्या वाटेला जाऊ नका. पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं आहे, गोव्याचं दाबोळी नौदलाचं. तिथे प्रवासी विमानं उतरत असली तरी तळ लष्कराचाच. ड्रोन तर नकोच नको.

आणि वैमानिक व नियंत्रण कक्षाचं बोलणं ऐकणारा रेडिओ घेऊ नका. परदेशात अनेक देशांत हे सर्रास चालतं, आपल्याकडे विनापरवाना गुन्हा आहे. फेब्रुवारी २०१० मध्ये दिल्लीत विमानतळाजवळच्या हॉटेलातून दोन ब्रिटिश विमानप्रेमींना असंच ऐकताना पकडलं होतं. दंड भरून सुटेपर्यंत त्यांचे जवळपास दोन महिने गेले. त्यांच्याकडे दुर्बिणी आणि छंदाच्या वह्यांपलीकडे वाईट हेतू काही नव्हता, तरीही.

मोपावारी

नमस्कार गच्चीवरची! मी पेडण्याचा. आमच्या मोपा विमानतळावर एटीआर ७२-६०० ही पंख्याची (प्रोपेलरची) विमानं येतात-जातात, त्यामुळे माझं सगळं शिक्षण पंख्यांवरच झालंय. तुमच्याकडे जेट जास्त, पण एटीआर आलं तर १/१००० वर ठेवू नका. पंखा थांबलेला दिसतो आणि विमान हवेत लटकवल्यासारखं वाटतं. उड्डाणाच्या वेळी तो पंखा मिनिटाला १२०० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला २०. पाती सहा, दोघांत ६० अंशांचं अंतर. १/१२५ ला एक पातं साधारण ५८ अंश फिरतं, म्हणजे जवळजवळ पुढच्या पात्याच्या जागेपर्यंत. त्यामुळे पूर्ण चकती मिळते. १/१००० ला जेमतेम सात अंश. पण १/१२५ ला विमानासोबत कॅमेरा सारख्या गतीने फिरवावा लागतो. खांदे नाही, कमरेपासून वळा. लेन्सला स्टॅबिलायझरचा मोड २ (कॅमेरा आडवा फिरवताना फक्त वरखाली थरथर रोखणारा) असेल तर तो लावा. सुरुवातीला बरेच फोटो वाया जातील, जाऊ देत.

गोव्याला आलात तर बोगमाळो रस्त्यावरचं नौदलाचं विमान संग्रहालय चुकवू नका. तिथे सी हॅरियर आहे, सी हॉक आहे, आणि सगळ्यात देखणं म्हणजे सुपर कॉन्स्टेलेशन. आधी एअर इंडियाचं प्रवासी विमान, मग हवाई दलात, मग नौदलात. तीन शेपट्यांचं ते विमान जवळून बघितल्यावर तुमच्या जंबोच्या रुखरुखीवर थोडी फुंकर बसेल. गेटवर कॅमेऱ्याचं विचारून घ्या, दाबोळी बाजूलाच आहे.

हॅटनक्रॉस

लंडनहून. मूळचा मुलुंडचा, त्यामुळे धागा बघून बरं वाटलं. इथे हीथ्रोजवळ हॅटन क्रॉस ट्यूब स्टेशनपासून चालत गेलं की मर्टल अॅव्हेन्यूच्या टोकाला गवताचा तुकडा आहे, २७ एल या धावपट्टीवर उतरणाऱ्या विमानांजवळ. आजी-आजोबा, पोरं, खुर्च्या, सँडविच, सगळे उघडपणे फोटो काढत असतात. वारा पश्चिमेचा असताना दुपारी ३ ला उतरण्याची धावपट्टी बदलतात, त्याचं वेळापत्रकही जाहीर असतं. आपल्याकडे अशी एक जागा अधिकृतपणे मिळावी असं मला मनापासून वाटतं. मुलांना विमानं दाखवायला कुंपणाला लटकावं लागू नये.

एक सूचना. तुम्ही नोंद ठेवायची म्हणून हे करताय, तर प्रत्येक फोटोसोबत रजिस्ट्रेशन, तारीख, वेळ, धावपट्टी हे त्याच दिवशी लिहा. फ्लाइटरडारवर (विमानांचा थेट माग दाखवणाऱ्या ॲपवर) कुठलं विमान येतंय ते दिसतं, पण त्याच्या शेपटीचा रंग पुढच्या वर्षी काय असेल ते नाही दिसत.

गच्चीवरची

सगळ्यांचे खूप खूप आभार. कलिनाकरदादांनी सांगितलेली चाचणी रविवारी केली. समोरच्या बिल्डिंगच्या टाकीवरची जाळी सकाळी तारेसारखी स्वच्छ आली. दुपारी तीच जाळी एका फ्रेममध्ये डावीकडे वाकलेली, पुढच्या फ्रेममध्ये उजवीकडे. लेन्स चांगली आहे. १५०-६०० विकणाऱ्यांना नाही म्हणून कळवलं.

गुरुवारी संध्याकाळी शिकवणी नसते, तो वेळ आता गच्चीसाठी राखते. सोसायटीच्या सेक्रेटरींशी बोलले, ते तयार आहेत. पोलीस ठाण्याच्या पत्रात नेमकं काय लिहायचं? आणि संकेतस्थळावर पुन्हा पाठवताना कशाची काळजी घेऊ?

नियम_आधी

पत्र साधं ठेवा. नाव, पत्ता, सोसायटीचं परवानगीपत्र जोडलं आहे हा उल्लेख, कोणत्या दिवशी कोणत्या वेळेत गच्चीवर असता, कॅमेरा आणि लेन्स कोणती, फोटो कशासाठी काढता. रेडिओ, ड्रोन, लेझर यांपैकी काही वापरत नाही हे स्पष्ट लिहा. विमानतळाच्या आवाराचे, सुरक्षा चौक्यांचे फोटो काढणार नाही हेही. ‘अनुमती मिळावी’ऐवजी ‘माहितीसाठी सादर’ लिहा. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. तिची झेरॉक्स कॅमेऱ्याच्या बॅगेत.

कलिनाकर

वा, चाचणी केलीत हे आवडलं. संकेतस्थळावर तपासणारे फोटो पूर्ण आकारात बघतात, त्यामुळे आधी आकार कमी करा आणि मग अगदी हलकं शार्पनिंग करा. उलट क्रमाने केलंत तर कडेला पांढरी रेघ उमटते, तिच्यावरूनही परत करतात. विमान फ्रेमच्या मधोमध, मागच्या इमारती सरळ उभ्या. आकाशात सेन्सरवरच्या धुळीचे ठिपके साध्या डोळ्यांना दिसत नाहीत. कॉन्ट्रास्ट पूर्ण चढवून बघा, ठिपके पुसा, मग कॉन्ट्रास्ट परत जागेवर आणा. गुरुवारचे फोटो आधी इथे टाका, पाठवायच्या आधी एकत्र बघू.