फल्लीदाण्याची (शेंगदाण्याची) ॲलर्जी : रिपोर्ट आला, घरचे मानत नाहीत. मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही नागपूरचे, मानेवाड्याला राहतो. मुलगी साडेचार वर्षांची. आषाढी एकादशीला आजीनं, म्हणजे माझ्या आईनं, साबुदाण्याची उसळ भरवली. तीन-चार घासांतच ओठ सुजले, पोटावर गांधी उठल्या, दोन उलट्या झाल्या. आईनं अंगाला आमसुलाचं पाणी लावलं, मी ॲलर्जीचं सिरप दिलं. संध्याकाळी पोरगी खेळायला लागली आणि ‘पित्त उठलं होतं’ म्हणून विषय संपला.

बालरोगतज्ज्ञांनी मात्र रक्त तपासायला लावलं. शेंगदाण्याचा स्पेसिफिक आयजीई (त्या पदार्थाविरुद्ध रक्तात तयार होणारं ॲलर्जीचं प्रतिपिंड) १४.२, ‘क्लास ३’. सहापैकी तीन म्हणजे मध्यम, असा माझा हिशेब. कागद फाइलला लावला अन् मोकळा झालो. चूक माझीच.

परवा ॲलर्जीतज्ज्ञांकडे गेलो तेव्हा कळलं, की आकडा मोठा तसा ॲलर्जी खरी असण्याची शक्यता मोठी. पण पुढचा झटका किती जोराचा येईल, ते त्यावरून कळत नाही. आकड्यापेक्षा त्या दिवशी त्वचा आणि पोट एकाच वेळी बिघडलं, याची त्यांना जास्त काळजी वाटली. फल्लीदाणे पूर्ण बंद, आणि घरात ॲड्रेनलिन (ॲलर्जीच्या जोराच्या झटक्यात द्यायचं इंजेक्शन) ठेवायचं.

आता अडचण अशी, की आई म्हणते, “तुम्ही सारे फल्लीदाणे खाऊनच मोठे झाले ना? चिमूटभर कूट रोज दे, सवय होईल तिले.” (थोडं थोडं देण्याचा उपचार असतो म्हणे, पण तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली.) आमच्याकडे कूट वांग्यात, दाणे पोह्यांत, आणि गोळाभातावरची फोडणीही घाण्याच्या फल्लीच्या तेलाची. त्या तेलात प्रथिनं राहतात, म्हणून तेही बंद. आईला कसं पटवू? इंजेक्शन द्यायची वेळ आली तर माझा हात चालेल का? शाळेत काय सांगू?

प्रतिसाद :
दादा, माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्यालाही हेच. सासूबाईंना मी समजवत बसले नाही, डॉक्टरांच्या समोरच नेऊन बसवलं. आता उपासाच्या उसळीत त्या स्वतः ओल्या नारळाचा कीस घालतात. कुटाचं मिक्सरचं भांडं मात्र घरातून काढाच, धुऊन भागत नाही.

इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. डोस वजनावर असतो, तो डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि सिरिंज भरायचा सराव त्यांच्यासमोर करा. माझा हात पहिल्यांदा थरथरला होता. सिरपनं खाज थांबते; श्वास अडकला किंवा पोर मलूल पडलं तर त्याची वाट पाहू नका. इंजेक्शन दिल्यावर बरं वाटलं तरी दवाखान्यात न्यायचंच, त्रास काही तासांनी पुन्हा उठू शकतो.

शाळेत बाईंना डॉक्टरांची चिठ्ठी द्या. आणि व्हॅनवाल्या काकांना सांगितलं का? आमच्या पोराला वाढदिवसाची चिक्की तिथेच मिळाली होती.