मदत हवी आहे: १९ वर्षांच्या मुलासाठी थेरपिस्ट कसा निवडावा?

मुलगा कॉलेजसाठी होस्टेलवर गेला आणि पार मिटला. आता सुट्टीत घरी आलाय. ताट अर्धवट टाकून उठतो, पहाटेपर्यंत जागा. "हं" आणि "बरं"च्या पुढे गाडी सरकत नाही. डॉक्टर म्हणाले, अ‍ॅडजस्टमेंट डिसऑर्डर वाटतोय, म्हणजे मोठ्या बदलानंतर ३ महिन्यांच्या आत सुरू होणारा त्रास. थेरपी सुचवलीय. सीबीटीच (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी थेरपी) घ्यावी, की नुसतं मोकळं बोलणंही पुरतं? तो सज्ञान आहे, सेशनमधलं मला कळणार नाही, हे मान्य. (त्याच्या बाबांना नाही, तो वेगळाच विषय!) पण पहिल्या भेटीत थेरपिस्टला काय विचारावं? सूर जुळला नाही तर बदलायचा कधी? अनुभव असलेल्यांनी प्लीज सांगा. "वेळ द्या, होईल ठीक" हे भरपूर ऐकून झालंय.