वॉरफरिन चालू असताना ग्रीन टी आणि पावसाळी पालेभाज्या

प्रश्न (रत्नागिरी): आईच्या हृदयात धातूची कृत्रिम झडप असून ती रोज वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध घेते. पावसाळा लागल्यापासून घरी टाकळा, अळू, शेवग्याचा पाला वरचेवर होतो, शिवाय तिने ग्रीन टीही सुरू केला आहे. यंदा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा तपासणीचा आकडा; तो कमी म्हणजे रक्त लवकर गोठते) खाली आला, म्हणून काळजीने विचारते: हे सर्व बंद करावे का?

उत्तर (मालवण): ताई, बंद करू नका, प्रमाण स्थिर ठेवा. वॉरफरिन यकृतातील ‘के’ जीवनसत्त्वाचे चक्र अडवून रक्त गोठवणारे २, ७, ९ आणि १० क्रमांकाचे घटक कमी करते. त्यामुळे हिरवा पाला अचानक वाढला की औषधाचा जोर कमी पडतो, आणि तो एकाएकी थांबला की आयएनआर चढून रक्तस्रावाचा धोका वाढतो. गोकुळाष्टमीची शेवग्याची भाजी खुशाल खाऊ द्या, ताटभर मात्र नको. चहाच्या पानांतले ‘के’ पाण्यात फारसे उतरत नाही, म्हणून एक-दोन कप सहसा चालतात. पानांची पूड आणि अर्काच्या गोळ्या टाळाव्यात. मासळीत ‘के’ अगदी कमी असते.

उत्तर (अलिबाग): सहमत. तरीही आजच डॉक्टरांना कळवा, कारण आयएनआर कमी राहिल्यास झडपेवर गुठळी होऊ शकते. गोळी स्वतःहून वाढवू नका, आणि गुडघेदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक परस्पर देऊ नका.

उत्तर (गुहागर): माझे वडील अपिक्साबॅन हे रक्त पातळ ठेवणारे दुसरे औषध घेतात, त्याचा ‘के’शी संबंध नसल्याने त्यांना पालेभाजीचे बंधन नाही. परंतु धातूच्या झडपेसाठी ते औषध वापरत नाहीत, तेव्हा कोणी सुचवले तरी बदल करू नये.