मदत हवी आहे: बुलपप एअर रायफलचा दस्ता हाताला लांब पडतोय आणि मागून कापायला जागाच नाही

नमस्कार मंडळी,

माझी उंची ५ फूट १ इंच आणि हात आखूड. साताऱ्याजवळ शेतावर घर आहे. मागच्या बाजूला मातीचा उंच भराव टाकून २५ मीटरचा पल्ला केलाय आणि रविवारी सकाळी कागदी टार्गेटवर नेम धरणं हा गेल्या काही वर्षांचा छंद आहे. फक्त कागद, पाखरांवर कधी नळी वळवलेली नाही, वळवणारही नाही.

दोन वर्षांपूर्वी डावा खांदा आखडला. फिजिओथेरपीने बराच सुटला, पण हात पुढे लांब करून वजन धरलं की दहाव्या छर्ऱ्याला थरथर सुरू होते. जुन्या रायफलचा तोल ट्रिगरच्या १७ सेंमी पुढे होता, म्हणजे सगळा भार डाव्या हातावर. म्हणून बुलपप घेतली, म्हणजे जिचं यंत्र ट्रिगरच्या मागे दस्त्यातच असतं अशी आखूड रायफल. ४.५ मिमी, पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी), २० जूलच्या आतली, परवाना न लागणारी. हिचा तोल ट्रिगरच्या जेमतेम ४ सेंमी पुढे आहे. पहिल्यांदा उचलली तेव्हा डाव्या हाताला काही धरलंय असं वाटलंच नाही. ही बंदूक मला सोडायची नाहीये, म्हणून इतकं सविस्तर लिहितेय.

अडचण अशी. ट्रिगरपासून दस्त्याच्या टोकापर्यंतचं अंतर (इथे सगळे एलओपी म्हणतात तेच) हिचं ३७५ मिमी आहे. जुन्या रायफलचं मी सुताराकडून कापून ३३० करून घेतलं होतं आणि ते मला अगदी बसायचं. आता उजवा हात ताणला जातो, कोपर वर उचललं जातं, डोकं मागे राहतं आणि स्कोपमध्ये कडेने काळं कडं दिसतं. ते घालवायला मान पुढे काढते, तर अर्ध्या तासात मानेत कळ.

हिलाही कापून घेऊ म्हणून त्याच सुतारदादांकडे गेले. मागचा रबरी पॅड काढला आणि दोघंही गप्प झालो. पॅडच्या पत्र्यामागे ६ मिमीवर सरळ धातूचा ठोकळा! हॅमर, त्याची स्प्रिंग, व्हॉल्व्ह, सगळं तिथेच. कापायला लाकूडच नाही. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाले, "मॅडम, सवय होईल." चार महिने झाले, सवय झालेली नाही.

अजून एक. पावसात मी ओसरीवरून १० मीटरवर मारते. २५ वर शून्य केलेली (म्हणजे तिथे नेम आणि छर्रा एकाच जागी पडेल अशी जुळवलेली) ही बंदूक १० वर जवळजवळ २७ मिमी खाली मारते. जुनी एवढी खाली जात नव्हती. नळीत दोष असेल का?

कुणी आखूड हातांसाठी बुलपप जमवून घेतली असेल तर कृपया सांगा. दस्ता कसा कमी करायचा, की नादच सोडायचा?

प्रतिसाद १

ताई, नाद सोडू नका. मी कोल्हापूरला बरीच वर्षं पोरांना १० मीटर रायफल शिकवली आहे, त्या अनुभवावर सांगतो.

आधी मागचा ठोकळा, सिलिंडर, व्हॉल्व्ह यांच्या आसपास ड्रिल किंवा करवत अजिबात लावू देऊ नका. सुतार कितीही चांगला असो. तिथे २०० बारच्या घरातला दाब असतो आणि तुमचा गाल त्याला टेकलेला असतो. डोळ्यांना चष्मा नेहमी हवाच, बुलपपला तर जास्तच.

ही लांबी कुणाच्या चुकीने आलेली नाही. बुलपपमध्ये ट्रिगर पुढे नेतात आणि यंत्र दस्त्यात भरतात, म्हणून नळी न कापता बंदूक आखूड होते. फौजेतल्या ऑस्ट्रियन स्टेअर ऑगची नळी ५०८ मिमी आणि एकूण लांबी ७९० मिमी. तेवढ्याच नळीची एम-१६ ए-२ बंदूक १००६ मिमी. ही जवळजवळ २२ सेंमीची बचत कुठून तरी येणारच, आणि ती दस्ता कमी-जास्त करण्याच्या मोकळीकीतून येते. साध्या रायफलमध्ये दस्ता नुसतं लाकूड असतो, इथे तो इंजिनखोली आहे.

आता तुमच्या हातातलं काय ते. पॅड किती जाड आहे? २० जूलच्या आतली पीसीपी खांद्याला धक्का देत नाही म्हटलं तरी चालेल. जाड रबराची तिथे गरज नाही. ८ मिमीचं कडक रबर पुरे.

दुसरं, तुम्ही छाती टार्गेटकडे करून उभ्या राहता का? तसं असेल तर उजवा खांदा पुढे येतो आणि ट्रिगर आणखी लांब जातो. डावा खांदा टार्गेटकडे करून आडव्या उभ्या राहा. लांब दस्ता त्या उभं राहण्यात सामावतो. शिवाय डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवता येईल, म्हणजे भार स्नायूवर न येता हाडावर येईल. तुमच्या खांद्याला हेच हवंय. मान मात्र थोडी जास्त वळेल, तेवढी सवय करावी लागेल.

मूळ लेखिका

काका, मनापासून आभार. हो, छाती समोर करूनच उभी राहत होते. कॉलेजात एनसीसीत पडून मारायला शिकले, उभ्याने कुणी शिकवलंच नाही.

पॅड मोजला, २४ मिमी! चपलेच्या तळाचं ८ मिमी कडक रबर लावून बघितलं. ३७५ चे ३५९ झाले. ट्रिगरच्या पात्याला मागे-पुढे सरकवायचा स्क्रू आहे, तो वापरून पातं ६ मिमी मागे आणलं, म्हणजे ३५३. आकडा बरा दिसतोय, पण खरं सांगू? पॅडचा फरक लगेच कळला, पात्याचा काहीच कळला नाही. उलट बोट आता ट्रिगरवर जास्त आत जातंय.

प्रतिसाद २

तुमचं निरीक्षण अचूक आहे. मी इंग्लंडमध्ये राहतो, इथे १२ फूट-पाउंडांच्या (साधारण १६ जूल) आतल्या एअर रायफलला परवाना लागत नाही आणि क्लबात बुलपप भरपूर दिसतात. आमच्या क्लबातल्या एका आजींचा प्रश्न हुबेहूब हाच होता.

एलओपी हा एक आकडा इथे फसवतो. त्यात दोन अंतरं दडलेली असतात: दस्त्याच्या टोकापासून मुठीच्या मागच्या खोबणीपर्यंत, जिथे अंगठा आणि तर्जनीमधलं बेचकं बसतं, आणि त्या बेचक्यापासून ट्रिगरपर्यंत. हात ताणला जातो तो पहिल्यामुळे. बोट पोचतं की नाही हे दुसऱ्यावर. तुम्ही ट्रिगर मागे आणलात, दुसरं अंतर कमी झालं, पहिलं होतं तिथेच राहिलं. मूठ हललीच नाही, तर हात कसा हलणार?

मूठ लाकडाची आहे का? असेल तर खोबण कानशीने ६ मिमी मागे खोल करा. हात ६ मिमी मागे येईल, आणि ट्रिगर तुम्ही आधीच ६ मिमी मागे आणलाय, म्हणजे बोटाची पोच मूळची होती तेवढीच राहील. या दोन गोष्टी जोडीनेच करायच्या. मुठीतून उभा बोल्ट जातो, तो कुठे आहे आणि त्याच्यामागे किती लाकूड उरतंय ते आधी मूठ काढून बघा. ट्रिगरपासून मागे यंत्राकडे जाणारी लांब दांडी मुठीच्या वरून जाते, तिला काही घासणार नाही हेही तपासा. बुलपपचा ट्रिगर त्या दांडीमुळे आधीच थोडा मऊ लागतो, त्यात लाकडाचा भुसा नको.

मुठीचा कोनही बघा. फार तिरकी मूठ असेल तर जवळ धरताना मनगट मुडपतं. बुलपपला उभट मूठ बरी.

प्रतिसाद ३

स्कोपबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. २७ मिमी खाली जाण्यात नळीचा दोष नाही. बुलपपला गाल यंत्रावर टेकतो आणि वर छर्ऱ्यांचं मॅगझिन डोकावतं, म्हणून स्कोप उंच बसवावा लागतो. नळीपासून स्कोप ७० मिमी वर धरा, छर्रा साधारण २४० मीटर प्रति सेकंद, २५ मीटरवर शून्य. गणित केलं की १० मीटरवर छर्रा २७ मिमी खालीच येतो. तोच स्कोप ४० मिमीवर असता तर ९ मिमी खाली आला असता. १० मीटरसाठी स्कोपच्या जाळीतली खालची खूण शोधून ठेवा, किंवा पावसाळ्यापुरतं शून्य बदला.

काळ्या कड्यावरचा उपाय वेगळा. मान पुढे नेऊ नका, स्कोप मागे आणा. स्कोप ज्यावर बसतो ती पट्टी मागे संपत असेल तर अशी एकसंध माउंट (स्कोप पट्टीला जोडणारा भाग) घ्या जिची स्कोपला धरणारी कडी पायापेक्षा मागे झुकलेली असतात. बसवताना डोळे मिटून बंदूक खांद्याला लावा, मान सैल सोडा, मग डोळे उघडा. जिथे पूर्ण गोल दिसेल तिथे स्कोप आवळा. आणि हे सगळ्यात शेवटी करा, कारण पॅड आणि मूठ बदलली की डोकं पुन्हा हलतं.

मूळ लेखिका

तिघांचेही आभार. तीन रविवार गेले, आता सांगण्यासारखं झालंय.

मूठ सागाची निघाली. बोल्टच्या मागे १४ मिमी लाकूड होतं. सुतारदादांनी कानशीने ६ मिमी घेतलं, पॉलिश पेपर मारला, जवसाचं तेल लावलं. दांडी मोकळी आहे, दोनदा बघितलं. पॅडचे १६ आणि मुठीचे ६ मिळून हात २२ मिमी जवळ आला. कोपर खाली राहतं. काकांनी सांगितल्यासारखी आडवी उभी राहते, डावं कोपर कमरेवर. काल सलग ३० छर्रे मारले, खांदा थरथरला नाही. हे लिहितानाही मला फार बरं वाटतंय.

राहिला स्कोप. माझ्या मापाने तो अजून १८ ते २० मिमी मागे हवाय. मागे झुकलेली एकसंध माउंट ११ मिमी खाचेच्या पट्टीसाठी पुण्यात कुणी प्रत्यक्ष बघितली आहे का? तिची कडी मॅगझिनच्या आड येऊ नयेत, मॅगझिनच्या मागे पट्टी फक्त ५२ मिमी आहे. कुणाकडे असेल तर पायाची लांबी मोजून सांगाल का?