गंभीर आजाराचा विमा: एवढा हप्ता भरावा काय? आपापले अनुभव सांगा

शहापूरची लेक
काल वडगावहून वैनीचा फोन. एजंट घरात येऊन बसलाय, गंभीर आजाराची पॉलिसी घेऊ काय म्हणून विचारत होती. मला पप्पांचं बायपास आठवलं. मिरजेत ऑपरेशन झालं, बिल मेडिक्लेमने भागवलं. पण घरी आल्यावर माग बंद. साडी अर्धी विणलेली, धूळ बसू नये म्हणून आईने वर जुनं लुगडं टाकलेलं. पतसंस्थेचा हप्ता, धाकट्याची फी, हे मेडिक्लेम कुठलं देणार? म्हणून मी घे म्हणते. तुमच्याकडे काय झालं ते लिहा, वैनीला वाचून दाखवणार आहे.

निपाणीकर
आमच्या दाजींचं उलटं झालं. अँजिओप्लास्टी, दोन स्टेंट. कंपनी म्हणाली यादीत छाती उघडून केलेलं बायपास हाय, हे बसत न्हाई. अटॅक म्हणून धरा म्हटलं तर ईसीजी, ट्रोपोनिनमध्ये (अटॅक कळायची रक्ततपासणी) तसं दिसत न्हाई. वर्षानुवर्षं भरलेला हप्ता गेला. आक्का अजून त्या कागदांची पिशवी कुणाला उघडू देत न्हाई.

टिळकवाडी
अरे देवा. दाजी आता कसे आहेत?

निपाणीकर
बरे हायत. ऊसतोड चालू हाय, सकाळीच फडात गेलेत.

चिकोडी, विम्याचं काम
ताई, वैनीला एवढं सांगा. निदान झालं की ठरलेली रक्कम एकदम हातात येते, बिल किती झालं ते बघत नाहीत. पण पॉलिसी घेतल्यावर सहसा पहिले ९० दिवस काही मिळत नाही, आणि बऱ्याच पॉलिसीत निदानानंतर ३० दिवस माणूस जगावा लागतो. कॅन्सर अगदी सुरुवातीचा, जागच्या जागी असेल तर साध्या पॉलिसीत बसत नाही. एकदा रक्कम दिली की बहुतेक पॉलिसी तिथेच संपते. आधी मेडिक्लेम, मग हे. व्याख्यांचं पान एजंटाकडून मागून घ्या, नुसत्या माहितीपत्रकावर सही नको. आणि घरच्यांसाठी स्वतः घेतलेल्या आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून गेलाय, हप्ता सांगतील त्यात तो धरलेला नाही ना बघा.

खानापूरहून
कुकर लावून लिहितेय. बहिणीला स्तनाचा कॅन्सर, तिला पैसे मिळाले. बायोप्सीचा रिपोर्ट द्यावा लागला. कोल्हापुरात उपचार, तिथं भाड्याची खोली घेतली, भावजींनी बिनपगारी रजा काढली, पोरांना आईकडे ठेवलं. सगळं त्यातनंच. ती रक्कम नसती तर शेत गहाण टाकलं असतं. महाग आहे खरं, पण मी माझ्यासाठी घेतलीय.

येळ्ळूर
महाराष्ट्राने २०२३ ला महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लावली ना? कर्नाटकाने विरोध केला तीच. कुणाला प्रत्यक्ष लाभ मिळाला काय?

टिळकवाडी
इकडच्या आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कार्डाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे, एपीएलला सरकारने ठरवलेल्या पॅकेजच्या ३० टक्के.

शहापूरची लेक
तीही बिलाचीच सोय झाली की ओ. घरात बसलेल्या माणसाचा पगार कोण देणार, माझा प्रश्न तो आहे. बरं, वैनीला शुगर आहे. एजंट म्हणतो लिहू नका, हप्ता वाढतो.

चिकोडी, विम्याचं काम
अजिबात ऐकू नका! लपवलं तर क्लेमच्या वेळी तेच काढतात. शुगर, बीपी, गोळ्या सगळं लिहा. वाढू दे हप्ता. आणि पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांत परत करता येते, तेवढ्यात शांतपणे वाचा.

निपाणीकर
एजंटाला म्हणावं हेच कागदावर लिहून दे.

खानापूरहून
😊 बरोबर बोललात. ताई, वैनीचं वय काय? पंचेचाळिशीच्या पुढे हप्ता फार चढतो, लवकर ठरवा.

येळ्ळूर
मिरजेला सकाळची पॅसेंजर वेळेवर असते काय सध्या? मामांना तपासायला न्यायचंय.

टिळकवाडी
परवा वेळेवर होती. रिपोर्टची फाईल बरोबर घ्या, जुने ईसीजीसुद्धा.